शाळा सुटल्यावर फक्त ट्यूशनच?

‘सहावी लागली की ट्यूशन लावा, बाकी सगळा टाइमपास.’ ठाण्यातल्या नौपाड्यापासून नवी मुंबईतल्या घणसोलीपर्यंत सोसायटीच्या गेटवर वर्षानुवर्षं ऐकू येणारं हे वाक्य चुकीचं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभारांकडे शिकायला पाठवा म्हणतं.

शाळा सुटल्यावर असंच हाताने काम शिकवणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात ३२.५ सेंमीची फळी कापताना मूल दशांश चिन्ह विसरलं, तर कप्पा बसतच नाही. वहीत चुकलं की नुसती लाल फुली. इथे चूक कुठे झाली ते फळीच दाखवते, मग पुन्हा मोजावं लागतं. अभ्यासच झाला की!

अर्थात, ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ची पाटी लावून रोज कागदी फुलंच करून घेणारे वर्गही आहेत. तिथे मात्र फी खरंच वाया जाते.