आयुष्मान कार्डावर महिन्याच्या गोळ्या मिळतात का? आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी

हल्ली रोज कोणी ना कोणी काउंटरवर कार्ड पुढं करतंच, की यावर बीपी-शुगरच्या गोळ्या द्या. नाही मिळत. आमच्याकडेच नाही, साताऱ्यातल्या कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाहीत, त्यामुळं आमच्यावर रागावून पुढच्या दुकानात उन्हातान्हात चालत जाऊ नका. आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना मिळतंय, उत्पन्न कितीही असो, आणि त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण ते योजनेतल्या दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर. कार्ड जरूर काढा, आधार तेवढं लागतं.

आता ज्या चुकीनं लोकांचे पैसे जातात ती सांगतो. पेशंट कार्डावर ॲडमिट होतो, उपचार फुकट होतात, डिस्चार्जच्या दिवशी घरी जायची घाई असते, गाडी खाली उभी असते, आणि पुढच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन माणसं सरळ आमच्याकडे येतात आणि खिशातून भरतात. नंतर कोणीतरी सांगतं की ही औषधं पॅकेजमध्येच, म्हणजे योजना दवाखान्याला जे ठरलेले पैसे देते त्यातच होती, मग बिल घेऊन दवाखान्यात हेलपाटे आणि परत आमच्याकडे, की तारीख बदलून द्या, दवाखान्याचं नाव घाला. तसं बिल आम्ही देत नाही, कितीही ओळख असली तरी. बिलावर बॅच नंबर असतो, डॉक्टरचं नाव असतं, उद्या तपासणी झाली तर लायसन आमचं जातं, आणि त्या बिलावर तुम्हाला पैसे परत मिळतही नाहीत. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची आणि राज्याच्या महात्मा फुले योजनेत १० दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजमध्ये धरलेली असतात, ती दवाखान्यानंच द्यायची. म्हणून डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की आधी तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या टेबलापाशी जा, गोळ्या मागा, आणि त्या घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. नाही म्हणाले तर तिथंच उभं राहून १५५३८८ किंवा १४५५५ ला फोन लावा, दोन्ही फुकट आहेत. आमचं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे.

मग महिन्याच्या गोळ्यांचं काय? खेड्यातनं येणाऱ्यांनी पहिलं आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. बीपीसाठी देशात जो कार्यक्रम २०१७ ला सुरू झाला त्यात महाराष्ट्रातले सुरुवातीचे जे मोजके जिल्हे होते त्यात आपला सातारा होता, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशा गोळ्या तिथं महिन्याच्या एकदम देतात. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरपासून औषधापर्यंत काहीच पैसे नाहीत. तिथं संपलेलं असेल तर जनऔषधी केंद्र, म्हणजे जेनेरिकचं (तेच औषध, ब्रँडच्या नावाशिवाय) सरकारी योजनेतलं दुकान, तिथं ना कार्ड लागतं ना उत्पन्नाचा दाखला, बऱ्याच गोळ्या कंपनीच्या ब्रँडपेक्षा निम्म्याहून कमी दरात मिळतात. डॉक्टरची चिठ्ठी मात्र न्या.

आपल्याकडं घरटी माजी सैनिक, त्यांना एक कळकळीनं सांगणं आहे. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, आणि वय वंदना यातलं एकच घेता येतं. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून महिन्याच्या गोळ्यासुद्धा मिळतात, वय वंदनामध्ये मिळत नाहीत. शेजाऱ्यानं कार्ड काढलं म्हणून आपणही काढायचं असं करू नका.

जेनेरिक चालू केलं की जुनी पाकिटं बाजूला काढा, हे फार महत्त्वाचं आहे. परवा एक आजी पिशवीतनं सगळ्या गोळ्या काढून दाखवत होत्या, एक निळं पाकीट, एक पांढरं, दोन्हींवर नावं वेगळी आणि मागं बारीक अक्षरात टेल्मिसार्टन ४०, आणि त्या रोज सकाळी दोन्ही घेत होत्या, वर चक्कर येते म्हणत होत्या. म्हणून सगळी पाकिटं घेऊन या, गोळ्या कुठूनही घेतलेल्या असू देत, आम्ही प्रत्येकावर मराठीत ठळक लिहून देतो कशाची आणि कधी घ्यायची, त्याचे पैसे घेत नाही. येताना पाकीट अख्खं आणा, कापलेला तुकडा आणला की नाव-तारीख गेलेली असते आणि आम्हाला नुसत्या रंगावरून गोळी देता येत नाही.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३००० रुपये खात्यात आलेत त्यांनीही ऐका, ते गोळ्यांसाठी नाहीत. चष्मा, कानाचं मशीन, वॉकर, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा बेल्ट, मानेचा कॉलर अशा वस्तूंसाठी आहेत, ६५ च्या पुढचे आणि घरचं उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना. खरेदीची पावती ३० दिवसांत जमा करायची असते. पट्टा, बेल्ट, वॉकर आमच्याकडं आहेत, घालून बघून घ्या, माप चुकलं तर बदलून देतो, पण पावती ज्याच्या खात्यात पैसे आलेत त्याच्याच नावावर आणि खरेदीच्याच दिवशी होईल, तेव्हा आधार कार्ड बरोबर असू द्या.

आमच्याकडंही जेनेरिक ठेवलंय, विचारलंत तर दोन्हींचे दर समोर ठेवतो. गोडोली, सदरबझार, शाहूनगरला घरपोच देतो, चिठ्ठीचा फोटो आदल्या दिवशी पाठवा, त्यात डॉक्टरचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. बीपी बघायचं असेल तर दुपारी तीन ते पाच या, तेव्हा गर्दी नसते, निवांत बसवून बघता येतं.