ब्रिटनमध्ये शिकताना पार्टटाइम काम: तास कसे मोजायचे, कागदपत्रं कोणती लागतात

स्टुडंट व्हिसावर ब्रिटनला गेलेली मुलं पहिल्याच आठवड्यात काम शोधायला लागतात. खर्च समोर दिसत असतो, त्यामुळे घाई समजते. पण सीव्ही छापण्याआधी आपल्या व्हिसाची अट नीट वाचा. काम सुटलं तर दुसरं मिळेल. व्हिसा रद्द झाला तर भरलेली फी आणि वर्ष, दोन्ही हातचं जाईल.

पदवी किंवा त्यापुढचा पूर्णवेळ कोर्स विद्यापीठात करत असाल, तर टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. पदवीच्या खालच्या कोर्सला ही मर्यादा १० तासांची असते. पार्टटाइम कोर्स करणाऱ्याला काम करायची परवानगीच नसते.

हे २० तास मोजतानाच बहुतेकांची चूक होते. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. समजा, बुधवारी लायब्ररीत ४ तास केलेत, आणि शनिवार-रविवारी कॅफेत ८-८ तासांच्या शिफ्ट लागल्या आहेत. झाले २०. गुरुवारी मॅनेजरचा मेसेज येतो, "उद्या माणूस कमी आहे, दोन तास येशील का?" इथे नाहीच म्हणायचं. मागच्या आठवड्यात १५च तास भरले होते, ही सबब चालत नाही. सरासरी काढली जात नाही. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीकडचे तास एकत्र धरतात, आणि कॅफेवाल्याला लायब्ररीतले तास आपोआप कळत नाहीत. म्हणून हिशोब स्वतःच ठेवा, रोजच्या रोज.

मास्टर्सवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुट्टीत पूर्णवेळ काम चालतं, पण सुट्टी कोणती हे विद्यापीठ ठरवतं. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यात लेक्चर नसली तरी प्रबंधाचं काम चालू असतं, आणि तो काळ सहसा टर्ममध्येच धरला जातो. पदवीच्या मित्राला जूनमध्ये ४० तास करता येतात म्हणून तुम्हालाही येतील असं नाही. आपल्या कोर्सच्या तारखा विद्यापीठाकडून लेखी मागून घ्या. तो कागद मालकालाही द्यावाच लागतो, कारण टर्मच्या तारखांचा पुरावा त्याला फाइलला ठेवावा लागतो.

आता बाकीची कागदपत्रं. सरकारी वेबसाइटवर आपल्या ई-व्हिसाच्या (व्हिसाच्या ऑनलाइन नोंदीच्या) खात्यात जाऊन कामासाठीचा शेअर कोड काढायचा. तो डब्ल्यू अक्षराने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो. कोड आणि जन्मतारीख दिली की मालक तुमचा कामाचा हक्क ऑनलाइन तपासतो. नॅशनल इन्शुरन्स नंबरचा (तुमच्या कर आणि सामाजिक विम्याची नोंद ज्यावर होते त्या नंबरचा) अर्ज ब्रिटनमध्ये पोचल्यावर ऑनलाइन करायचा. पासपोर्टचा फोटो आणि पासपोर्ट हातात धरून काढलेला स्वतःचा फोटो अपलोड करावा लागतो. अर्जाला एक पैसाही लागत नाही, त्यामुळे एजंटला फी देऊ नका. ओळख पटल्यावर नंबर यायला चार आठवड्यांपर्यंत वेळ जातो. कामाचा हक्क सिद्ध झालेला असेल तर नंबर येण्याआधीही काम सुरू करता येतं.

स्वयंरोजगाराला मात्र पूर्ण बंदी आहे. सायकलवरून जेवण पोचवणाऱ्या ॲपचं काम त्यातच मोडतं, फ्रीलान्सिंगही. दुसऱ्याचं ॲप-खातं भाड्याने घेऊन काम करा असं कुणी सुचवलं, तर कळकळीने सांगते, त्या वाटेला जाऊ नका.

पगाराचंही बघा. १ एप्रिल २०२६ पासून किमान वेतन २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना तासाला १२.७१ पाउंड आणि १८ ते २० वयाच्यांना १०.८५ पाउंड आहे. यापेक्षा कमी, रोखीत आणि पेस्लिपशिवाय देऊ म्हणणाऱ्याकडे थांबू नका. वर्षाला १२,५७० पाउंडांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नसतो, तरी सुरुवातीला चुकीच्या टॅक्स कोडमुळे (पगारातून किती कर कापायचा हे मालकाला सांगणारा कोड) जास्त कर कापला जाऊ शकतो. तो परत मिळतो. नोकरी सोडताना पी-४५ हा कागद मागून घ्या, त्यावर तोवरचा पगार आणि कापलेला कर लिहिलेला असतो. नव्या मालकाला तो दिला की तुमचा टॅक्स कोड बरोबर लागतो.