स्पार्कचा अ‍ॅक्युम्युलेटर आणि मेट्रिक्समधला काउंटर: आकडे का जुळत नाहीत

स्पार्क मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळतो. त्याच्या जॉबमध्ये खराब ओळी किती निघाल्या हे मोजायचे असेल, तर कोणी अ‍ॅक्युम्युलेटर (स्पार्कचा स्वतःचा बेरीज करणारा चल) लावतो, कोणी मेट्रिक्स सिस्टीममध्ये (आकडे डॅशबोर्डकडे पाठवणाऱ्या यंत्रणेत) काउंटर नोंदवतो. कोड पाहिला तर दोन्हींत फरक दिसत नाही: ओळ खराब निघाली की एक वाढवायचा. जॉब संपल्यावर मात्र लॉगमध्ये एक आकडा असतो, डॅशबोर्डवर दुसराच, आणि खरा कोणता हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. अ‍ॅक्युम्युलेटर टास्कच्या (डेटाच्या एका तुकड्यावरच्या कामाच्या) यशाशी बांधलेला आहे आणि काउंटर एक्झिक्युटर प्रोसेसच्या (टास्क चालवणाऱ्या प्रोसेसच्या) आयुष्याशी. पहिला ‘निकालात धरलेल्या कामात किती सापडल्या’ हे सांगायला बघतो, दुसरा ‘या प्रोसेसने आत्तापर्यंत किती पाहिल्या’ हे सांगतो.

एकच पार्टिशन, म्हणजे डेटाचा एक तुकडा, घेऊन पाहू. त्यात 10,000 ओळी आहेत, पैकी 37 खराब. पहिल्या एक्झिक्युटरवर टास्क सुरू झाला, 6,000 ओळी झाल्या, 20 खराब सापडल्या आणि टास्क एक्सेप्शन येऊन पडला. स्पार्कने तो दुसऱ्या एक्झिक्युटरवर पुन्हा चालवला आणि या वेळी तो पूर्ण झाला. अ‍ॅक्युम्युलेटर दाखवतो 37, कारण पडलेल्या टास्कची बेरीज ड्रायव्हर (टास्क वाटून देणारी मुख्य प्रोसेस) टाकून देतो. काउंटरकडे पहिल्या एक्झिक्युटरचे 20 आणि दुसऱ्याचे 37, मिळून 57. आता हाच टास्क एक्सेप्शनने न पडता मेमरी संपून पहिला एक्झिक्युटरच मारला गेला असता, तर? अ‍ॅक्युम्युलेटर तरीही 37. काउंटरची बेरीज मात्र 37 ते 57 मध्ये कुठेही येईल, कारण एक्झिक्युटरने शेवटचा आकडा मरण्याच्या किती आधी पाठवला यावर ते ठरते.

हे असे का होते, ते आकड्याचा प्रवास पाहिला की कळते. ड्रायव्हर प्रत्येक टास्कबरोबर अ‍ॅक्युम्युलेटरची शून्यावर आणलेली प्रत पाठवतो. टास्क त्या प्रतीत भर घालतो आणि संपल्यावर निकालासोबत ती परत पाठवतो. ड्रायव्हर ती मूळ आकड्यात मिळवतो. म्हणून एकूण बेरीज फक्त ड्रायव्हरवरच वाचता येते; टास्कच्या आत ती वाचून त्यावर निर्णय घेता येत नाही. टास्क चालू असतानाचे अर्धवट आकडे हार्टबीटबरोबर (एक्झिक्युटर ड्रायव्हरला पाठवतो त्या ‘मी चालू आहे’ या संदेशाबरोबर) जातात, डीफॉल्ट दर 10 सेकंदांनी, पण ते दाखवण्यापुरते. पक्की बेरीज टास्क संपल्यावरच होते. टास्क कोणत्याही क्रमाने संपतात, त्यामुळे स्वतःचा अ‍ॅक्युम्युलेटर लिहिताना मिळवणीचा क्रम बदलला तरी उत्तर तेच यायला हवे. बेरीज आणि कमाल चालतात, ‘शेवटची किंमत’ चालत नाही.

काउंटरचा प्रवास वेगळा. तो एक्झिक्युटरच्या मेमरीत बसून राहतो. स्पार्क त्यासाठी ड्रॉपविझार्ड मेट्रिक्स लायब्ररी वापरतो. ग्राफाइट किंवा सीएसव्हीसारखा सिंक (आकडे बाहेर पाठवणारा भाग) लावला, तर ठरलेल्या अंतराने, डीफॉल्ट 10 सेकंदांनी, तेव्हाची किंमत बाहेर जाते. कोणता टास्क जिंकला, कोणता पडला, याची काउंटरला खबरच नसते. प्रोसेस नीट बंद झाली तर स्पार्क जाताजाता एकदा रिपोर्ट करतो. बाहेरून किल झाली तर शेवटच्या रिपोर्टनंतरचे सगळे गेले.

इथवर वाचून अ‍ॅक्युम्युलेटरच बिनचूक असे वाटेल, पण सर्वांत जास्त फसगत त्याच्यातच होते. एका टास्कची भर एकदाच धरली जाईल ही हमी फक्त अ‍ॅक्शनमध्ये आहे, म्हणजे फोरीचसारख्या प्रत्यक्ष काम सुरू करणाऱ्या क्रियेत. मॅप किंवा फिल्टरमध्ये ती नाही. शफलच्या (टास्कांमधल्या डेटाच्या अदलाबदलीच्या) फाइली ज्या एक्झिक्युटरवर होत्या तो गेला, तर स्पार्क आधीच्या स्टेजचे (टप्प्याचे) हरवलेले टास्क पुन्हा चालवतो. ते दुसऱ्यांदाही यशस्वी होतात आणि दोन्ही वेळची भर मिळवली जाते. आपल्या पार्टिशनचे 37 चे 74 होतात. कॅश न केलेल्या (जपून न ठेवलेल्या) आरडीडीवर, म्हणजे स्पार्कच्या वाटलेल्या डेटासंचावर, आधी काउंट आणि मग सेव्ह केले, तरी मॅप दोनदा चालतो आणि आकडा सरळ दुप्पट होतो. कॅश केले असेल आणि मेमरी अपुरी पडून काही ब्लॉक बाहेर फेकले गेले, तर आकडा फुगतो, पण दुप्पट नाही, मधलाच काहीतरी. हा प्रकार वाईट, कारण असा आकडा संशय येण्याइतका चुकीचा दिसत नाही.

उलटही घडते. नुसता मॅप लिहून लगेच किंमत छापली तर शून्य येते, कारण अ‍ॅक्शनशिवाय काही चाललेलेच नसते. टेक लावून 10 ओळी मागितल्या तर स्पार्क आधी एकच पार्टिशन चालवून बघतो, मोजणीही तेवढ्याचीच. डेटाफ्रेमच्या (स्पार्कच्या टेबलासारख्या डेटाच्या) यूडीएफमध्ये, म्हणजे आपण लिहिलेल्या फंक्शनमध्ये, अ‍ॅक्युम्युलेटर ठेवणे तर टाळाच. क्वेरी सुधारणारा ऑप्टिमायझर न लागणारा कॉलम काढून टाकतो किंवा एकच यूडीएफ दोनदा मोजतो. उत्तर बरोबर राहते, मोजणी बिघडते.

डेटाफ्रेममध्ये नेमकी मोजणी हवी असेल तर स्पार्क 3.0 पासून ऑब्झर्व्ह आहे. मोजायच्या गोष्टी नेहमीच्या अ‍ॅग्रिगेट फंक्शनांनी लिहायच्या. त्या क्वेरीच्या प्लॅनचाच भाग होतात आणि क्वेरी संपली की लिसनरला (असे इव्हेंट ऐकणाऱ्या कोडला) निकाल मिळतो. स्ट्रीमिंगमध्ये हाच निकाल प्रत्येक मायक्रोबॅचच्या (डेटाच्या छोट्या हप्त्याच्या) प्रगतीच्या इव्हेंटमध्ये येतो.

अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये खराब ओळींचा मजकूरच गोळा करण्याचा मोह अनेकांना होतो. हिशेब करून पाहा: 2,000 टास्क, प्रत्येकात 5,000 खराब ओळी, ओळ सरासरी 500 बाइट. एक कोटी ओळी, म्हणजे साधारण 5 जीबी, एकट्या ड्रायव्हरच्या मेमरीत. ओळी वेगळ्या आउटपुटमध्ये लिहा, अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये फक्त संख्या ठेवा.

काउंटरच्या बाजूला त्रास देतात ती नावे आणि रीसेट. स्पार्कच्या मेट्रिक्सच्या नावात सुरुवातीला अ‍ॅप्लिकेशन आयडी असतो आणि तो दर रनला बदलतो. त्यामुळे कालचा आलेख आजच्या आलेखाला जोडला जात नाही. एका रनला 50 एक्झिक्युटर आणि प्रत्येकाची 30 मेट्रिक्स धरली तर 1,500 मालिका (एकेका नावाखाली वेळेनुसार साठलेले आकडे). जॉब दर तासाला असेल तर दिवसाला 36,000, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक मालिका तासाभरात मेलेली. मेट्रिक्सचा नेमस्पेस (नावाचा हा सुरुवातीचा भाग) कॉन्फिगमध्ये अ‍ॅप्लिकेशनच्या नावावर ठेवा. हे पहिल्याच दिवशी करायचे काम आहे. नंतर केले तर जुना इतिहास तुटतो.

रीसेटचे गणित असे. नवा एक्झिक्युटर शून्यापासून मोजतो आणि गेलेल्याची मालिका थांबते. सगळ्यांची आधी बेरीज करून मग वाढीचा वेग काढला, तर एक्झिक्युटर गेला त्या क्षणी बेरीज घसरते. प्रोमिथियस या मेट्रिक्स साठवणाऱ्या साधनाच्या रेटसारखे फंक्शन ती घसरण रीसेट समजते आणि आलेखावर नसलेला उंच काटा उभा राहतो. आधी प्रत्येक मालिकेचा रेट, मग बेरीज. डायनॅमिक अलोकेशन (गरजेप्रमाणे एक्झिक्युटर वाढवणे-घटवणे) चालू असेल तर एक्झिक्युटर सतत येतात-जातात, तिथे हा क्रम चुकवून चालतच नाही.

दोन्हींना जोडणारा रस्ताही आहे. अ‍ॅक्युम्युलेटर सोर्स वापरून ड्रायव्हरवरचा अ‍ॅक्युम्युलेटर मेट्रिक्स सिस्टीमला जोडता येतो. तो तिथे गेज (त्या क्षणाची किंमत दाखवणारे मेट्रिक) म्हणून दिसतो आणि टास्क संपतील तसा पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. एक टास्क 20 मिनिटे चालणारा असेल तर 20 मिनिटे आलेख सपाट राहील, म्हणून ‘जॉब अडकला का’ या अलार्मसाठी तो निरुपयोगी. त्या अलार्मला एक्झिक्युटरवरचा काउंटरच हवा, आणि तो नोंदवायला 3.0 मधला प्लगइन एपीआय सर्वांत सरळ: प्लगइनच्या कॉन्टेक्स्टमधून मेट्रिक रजिस्ट्री मिळते.

खराब ओळी 1 टक्क्याच्या वर गेल्या तर आउटपुट पुढे पाठवायचे नाही, असा नियम असेल तर तो काउंटरवर लावू नका. एक टास्क तीन वेळा पडून चौथ्यांदा चालला तरी टक्केवारी बदलता कामा नये. तिथे ऑब्झर्व्ह किंवा फोरीचमधला अ‍ॅक्युम्युलेटर घ्या, आणि सोबत एक ताळा ठेवा: वाचलेल्या ओळी बरोबर लिहिलेल्या अधिक खराब. वाचलेल्यांचा आकडा स्टेजच्या इनपुट रेकॉर्ड्समधून घेऊ नका. स्पार्कचे स्वतःचे टास्क मेट्रिक्स आतून अ‍ॅक्युम्युलेटरच आहेत, पण त्यांतले बरेच पडलेल्या टास्कचे कामही धरतात. एकही रीट्राय झाला की ताळा विनाकारण मोडेल. तिन्ही आकडे एकाच ऑब्झर्व्हमध्ये मोजा.