निळी नळी, लाल थेंब: पहिल्या फळीकडे मधुमेह कसा आला

१९२२ मध्ये टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तरी मधुमेह पुढे कित्येक दशकं डॉक्टरांकडेच राहिला. पहिल्या फळीच्या, म्हणजे दवाखान्याबाहेरच्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या हाती होती ती लघवीतली साखर दाखवणारी बेनेडिक्टची चाचणी: ५ मिली निळं द्रावण, लघवीचे ८ थेंब, एक उकळी. रंग हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा चढला की साखर वाढती. चाचणी स्वस्त, सोपी आणि फसवी. रक्तातली साखर साधारण १८०च्या (मिलिग्रॅम दर डेसिलिटर) वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. उपाशीपोटी १५०, म्हणजे उघड मधुमेह, तरी नळी निळीच. साखर उतरून माणूस घामाघूम झाला, तरीही निळीच. किंवा मूत्राशयात तासाभरापूर्वीची लघवी साठलेली असेल तर चक्क विटकरी.

१९७८ मध्ये अल्मा-आटा शहरातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेला मान दिला. पण प्रशिक्षण घडलं ते लस, बाळंतपण, जुलाब, ताप यांभोवती. डोस दिला, रकान्यात खूण केली, काम संपलं. मधुमेहात खूण करून मिटवण्यासारखं काहीच नसतं, आणि खरी अडचण इथेच आहे असं आम्हाला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेचा 'पेन' सेवासंच, ज्यात मधुमेह आणि रक्तदाब प्राथमिक केंद्रात आणले, तो आला २०१० मध्ये.

तोवर बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारे ग्लुकोमीटर पोहोचले होते. आकडा कळू लागला, त्याचा अर्थ मात्र मागेच राहिला. फळ सोलून हात न धुता बोट टोचलं तर साखर फळाची मोजली जाते. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमटपणाने आकडा बिघडतो. शेवटचं कधी खाल्लं, हे विचारलं नाही तर १४० म्हणजे काय, ते सांगताच येत नाही. निदानाला शिरेतलं रक्तच लागतं: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, आणि लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून खात्री.

सगळ्यात महागात पडते ती सिरिंज. १९७०च्या दशकात १०० युनिटचं, म्हणजे एका मिलीत १०० युनिट असलेलं इन्सुलिन आलं, पण जुनं ४० युनिटचंही काही देशांत टिकलं. १००च्या कुपीतलं औषध ४०च्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत ओढलं, तर ते अर्धा मिली, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट. मग साखर ७०च्या खाली. शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, साखरपाणीसुद्धा.