युवा कार्यकर्ता प्रशिक्षण, सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील

ख्रिस्ती मंडळीतील किशोरवयीन व तरुण मुलामुलींमध्ये नियमित काम करणाऱ्या व्यक्तीला शहरी वस्तीतील सेवेसाठी तयार करण्याची पद्धत. ‘मंडळी’ हा शब्द येथे मराठी ख्रिस्ती वापरातला आहे. एका चर्चचा सभासद-समुदाय म्हणजे मंडळी. कार्यकर्त्याला कुठे ‘यूथ लीडर’ म्हणतात, कुठे ‘तरुण संघाचा सेक्रेटरी’, कुठे नुसते ‘दादा’ किंवा ‘ताई’. पाळकाला दीक्षा, पगार आणि बदली असते. कार्यकर्त्याला यांतले बहुधा काहीच नसते. दिवसा तो दवाखान्यात, शोरूममध्ये, शाळेत किंवा यंत्रमागावर असतो आणि मंडळीचे काम संध्याकाळी व रविवारी करतो. त्यामुळे सोलापुरातल्या प्रशिक्षणाचा विचार अभ्यासक्रमापासून सुरू करून चालत नाही. आधी घड्याळ पाहावे लागते.

तरुणांसाठी वेगळे काम करावे, हे चर्चला मुळात शहराने शिकवले. १७८० मध्ये इंग्लंडातील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा काढली ती आठवड्याचे सहा दिवस कामावर जाणाऱ्या मुलांसाठी. तीत मुले बायबलच्या आधारे वाचायला शिकत. मराठी मंडळ्यांतली शब्बाथशाळा याच शाळेची वंशज. १८४४ मध्ये जॉर्ज विल्यम्स या बावीस वर्षांच्या तरुणाने लंडनमध्ये वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना स्थापन केली. तो स्वतः खेड्यातून आलेला आणि कापडाच्या दुकानात नोकरी करणारा होता. १८८१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे फ्रान्सिस क्लार्क यांच्या काँग्रिगेशनल मंडळीत ‘ख्रिश्चन एंडेव्हर’ ही चळवळ निघाली. सभा तरुणांनीच चालवावी, कमिट्या त्यांनीच नेमाव्यात, चुका त्यांनीच निस्तराव्यात, असा तिचा रिवाज होता. तरुण संघाच्या बैठकीत आजही कोणी इतिवृत्त वाचते, कोणी प्रार्थना चालवते आणि कोणी जमाखर्च मांडताना अडखळते, तेव्हा ते त्याच वळणावर चाललेले असते. कॅथलिक परंपरेत बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी कामगार तरुणांची संघटना उभारली (१९२५). ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही तिची त्रिसूत्री पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या परिपत्रकात उचलून धरली.

१९६० च्या दशकात शिकागोत पाळकांसाठी शहरी सेवेचे एक प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथे प्रशिक्षणार्थींना अगदी थोडे पैसे देऊन काही दिवस रस्त्यावर राहायला सोडत. उपनगरातल्या सुखवस्तू घरांतून आलेल्यांना शहर कळावे, हा हेतू. सोलापुरात या प्रयोगाची नक्कल निरर्थक ठरेल. येथला कार्यकर्ता वस्तीतच वाढलेला असतो आणि त्याची अडचण नेमकी उलटी असते: रोज पाहून पाहून त्याला ती दिसेनाशी झालेली असते.

सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. त्याच दशकात अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे रुजले. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या या मिशनची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे मंडळीने आपला कारभार आपणच पाहण्याची होती. १८९९–१९०० च्या दुष्काळात मिशनने अनाथ मुले सांभाळली. वोरोनोको ही मुलींची शाळा याच मिशनची. मेरी हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येथे बालवाडी आणि बालवाडीच्या शिक्षिकांचा प्रशिक्षणवर्गही चालवला. मुलांमध्ये काम करणाऱ्यांना आधी शिकवून मग कामाला लावायचे, ही गोष्ट सोलापूरच्या मंडळ्यांना अशी शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे, आणि ती पहिल्यांदा स्त्रियांनी स्त्रियांना शिकवली. तरुण संघांच्या आजच्या शिबिरांत याचा उल्लेख क्वचितच होतो.

दुसरा वारसा अवघड आहे. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत, म्हणजे सेटलमेंट, उभी राहिली. तिचा कारभार काही वर्षे अमेरिकन मराठी मिशनकडे होता. कुंपणातल्या माणसांना हजेरी द्यावी लागे, त्यांच्यातले बरेच जण गिरण्यांत राबत, आणि मिशन त्यांच्या मुलांसाठी शाळा चालवी. सेवा आणि पहारा असे एकाच हाती आले होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव मात्र अजून शहराच्या तोंडी आहे. शहरी सेवेच्या कोणत्याही प्रशिक्षणात हा धडा असायला हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वस्तीत जाणारा माणूस कोणाच्या वतीने आला आहे, हे वस्ती विसरत नाही.

काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. शहरात आज त्यांच्याबरोबर कॅथलिक, पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्याही आहेत. एका मंडळीच्या प्रशिक्षणाला दुसरीने मुले पाठवावीत का, हा प्रश्न त्यामुळे नेहमी उभा राहतो. नाताळच्या गाण्यांच्या फेरीत एकत्र येणारे तरुण संघ शिबिराच्या वेळी आपापल्या कुंपणात परततात.

सोलापूर हे साडेनऊ लाख वस्तीचे (२०११ ची जनगणना) शहर कापडाने वाढवले. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. विसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक गिरण्या बंद पडल्या आणि काम यंत्रमागाच्या शेडमध्ये व घरातल्या विडीच्या सुपात सरकले. पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड आणि दखनी, शाळेत मराठी. एकाच तरुण संघात तिन्ही-चारही भाषांची मुले बसतात. उपदेश प्रमाण मराठीत होतो, पण मुले बाहेर पडल्यावर ‘काय करलालास बे?’ अशीच बोलतात. ज्याला ही बोली येते त्याला मुले आपली अडचण सांगतात. पुण्याहून आलेल्या वक्त्यापुढे तीच मुले सरळ बसून ‘हो सर’ म्हणतात.

हजेरीपट हे येथले पहिले पाठ्यपुस्तक आहे. समजा, सोळा वर्षांची एक मुलगी तीन शनिवार आली नाही. अप्रशिक्षित कार्यकर्ता रविवारी सर्वांसमक्ष विचारतो, ‘काय ताई, देवाला विसरलीस?’ प्रशिक्षित कार्यकर्ती तिच्या घरी जाते. तिथे आई भिजवलेली तेंदूची पाने कात्रीने कापत असते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि दोऱ्याची गुंडी. हजार विड्यांचा हिशेब पुरा करून माल कारखान्यात द्यायचा असतो आणि तिथे छाट (नापास ठरवलेल्या विड्या) निघाली की तेवढी मजुरी बुडते. मुलगी शनिवारी संध्याकाळी विड्यांची तोंडे बंद करायला बसते. शिवाय नळ रोज येत नाही, आणि त्यांच्या गल्लीची पाण्याची पाळी नेमकी सभेच्या वेळेला पडते. यात अध्यात्माची उणीव शोधण्यात अर्थ नाही. सभा शनिवारऐवजी रविवारच्या उपासनेनंतर ठेवली की ती येते. एवढे कळायला कधी कधी वर्ष जाते.

म्हणून प्रशिक्षणातला सर्वांत उपयोगी भाग वर्गाबाहेर होतो. जोडीजोडीने एका गल्लीत दोन तास फिरायचे, पत्रके वाटायची नाहीत, उपदेश करायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. परत येऊन उत्तरे द्यायची: कोणते दुकान सर्वांत उशिरा बंद होते, मुले कोणत्या ओट्यावर बसतात, मुली कुठेच का दिसल्या नाहीत, गुटखा कोण विकतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे माहीत असलेली मुलेच कोणत्या टपरीवर तो मिळतो ते सांगतात. या फेरीला बायबलमधला आधार नहेम्याच्या पुस्तकात सापडतो. यरुशलेमला पोहोचल्यावर तीन दिवस नहेम्या गप्प राहिला. मग रात्री मोजकी माणसे बरोबर घेऊन त्याने पडका कोट पाहिला आणि त्यानंतरच बांधकामाची भाषा केली. दुसरा आवडता उतारा यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातला आहे. परक्या नगरात नेलेल्यांना संदेष्टा सांगतो की त्या नगराचेच हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आंध्र-तेलंगणातून, कर्नाटकातून आणि दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या घरांना हा उतारा समजावून सांगावा लागत नाही.

वर्गातल्या विषयांत बायबल अभ्यास कसा घ्यावा, गाणी, खेळ, उन्हाळी व्हीबीएसची (सुट्टीतल्या बायबल शाळेची) तयारी हे असतेच. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून व्हीबीएस सकाळी लवकर उरकावी लागते. मराठी ख्रिस्ती परंपरेला भजन-कीर्तनाचा मोठा ठेवा आहे, ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांची गीते त्यात अग्रभागी. तरुणांना गिटार आणि ड्रम हवे असतात, वडीलधाऱ्यांना पेटी-तबला. या वादावर जितका वेळ जातो तितका समुपदेशनावर गेला असता तर बरे झाले असते.

कायद्याचा भाग पूर्वी नसे, आता तो टाळता येत नाही. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्यानुसार बालक ठरते. अत्याचाराची माहिती कळूनही पोलिसांना न कळवणे हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. पाळकाने किंवा वडीलमंडळाने ‘आपल्यातच मिटवू’ म्हटल्याने जबाबदारी टळत नाही. मुलांशी बंद खोलीत एकट्याने बोलायचे नाही, शिबिराला पालकांची लेखी संमती घ्यायची, मुलींच्या गटाबरोबर स्त्री कार्यकर्ती हवीच, रात्री उशिरा खासगी मेसेज करायचे नाहीत, हे नियम पाठ करून घेतात. बालकांच्या मदतीसाठीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक भिंतीवर लावतात. लेखी संमतीचा आणखी एक उपयोग आहे. वस्तीतल्या शिकवणीला किंवा खेळाला इतर धर्मांची मुलेही येतात. पालकांना सगळे आधी, उघडपणे सांगितलेले असले की पुढे संशयाला जागा उरत नाही.

जातीच्या दाखल्यांचा विषय बाहेरच्या प्रशिक्षकांना सुचत नाही. १९५० च्या राष्ट्रपती-आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरले जाते. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांच्या दाखल्यांवर दोन वेगळ्या नोंदी सापडू शकतात. बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी मूल रडत येते ते बहुधा या कागदासाठी. कार्यकर्त्याला फॉर्म, मुदत आणि सेतू केंद्राची रांग माहीत असणे हे येथे सेवेचेच अंग आहे.

औपचारिक शिक्षणासाठी पुण्याकडे पाहावे लागते. तेथे युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची महाविद्यालये आहेत. दुसरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. नोकरी सोडणे शक्य नसणाऱ्यांसाठी धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचे बहिःस्थ अभ्यासक्रम आहेत. ग्वाटेमालात १९६३ च्या सुमारास सुरू झालेली विस्तार-शिक्षणाची पद्धतही आहे. तीत विद्यार्थी घरी अभ्यास करतात आणि ठरावीक दिवशी गटात भेटून चर्चा करतात. भारतात या पद्धतीचे काम बंगळुरूच्या टॅफ्टी संस्थेने १९७१ पासून केले. पदवीची शिस्त चांगली, पण सेमिनरीतून परतलेला तरुण बहुधा पाळकच होतो आणि तरुण संघाला पुन्हा नवा माणूस शोधावा लागतो.

मानधनाचा प्रश्न सुटलेला नाही. पूर्णवेळ युवा कार्यकर्ता नेमणे मोजक्या मंडळ्यांनाच झेपते. मुली उत्साहाने शिकतात, शब्बाथशाळा बहुतांशी त्याच चालवतात. तरुण संघाचे अध्यक्षपद मात्र सहसा मुलाकडे जाते, आणि लग्न होऊन मुलगी दुसऱ्या गावी गेली की तिचे प्रशिक्षण त्या गावच्या मंडळीच्या कामी येते. त्याहून मोठी गळती नोकरीची. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी पुण्याला निघते तेव्हा तिच्यात तरुण संघाचे कितीतरी माजी सेक्रेटरी बसलेले असतात. याला उपाय म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याबरोबर दोन-तीन वर्षांनी लहान असा एक शिकाऊ ठेवण्याची पद्धत जुन्या कार्यकर्त्यांना पसंत आहे. जाणारा त्याच्या हाती वही देतो. वहीत मुलांची नावे, कोणाच्या वडिलांची रात्रपाळी आहे, कोणत्या गल्लीला कोणत्या वारी पाणी येते, कोणाला चारचौघांत गायला सांगू नये, हे सगळे असते. विश्वासाने सांगितलेली गुपिते त्यात लिहायची नाहीत, असा संकेत आहे. ती सांगायची की नाही, हे ज्याचे त्याने नव्या दादाकडे किंवा ताईकडे पाहून ठरवायचे असते.