तंत्रज्ञान विकणारी संस्था आणि उद्योग उभा करणारी संस्था

सरकारी प्रयोगशाळेने एखाद्या कंपनीशी सामंजस्य करार केला की ती 'उद्योजक' झाल्याचे लगेच छापून येते. पेटंटांची संख्या आणि सह्यांचे छायाचित्र एवढा पुरावा त्यासाठी पुरतो, याचा आता कंटाळा आला आहे.

तंत्रज्ञानाचे परवाने देणे सर्वांच्या परिचयाचे आहे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था उद्योगांसाठी कंत्राटी संशोधन करते आणि तिच्या एर्लांगेन येथील प्रयोगशाळेने एमपी३च्या परवान्यांवर दीर्घकाळ रॉयल्टी मिळवली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकसंबंधीच्या पेटंटांचे हक्क अमेरिकेच्या जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीला दिले होते. यात उणेपणा काहीच नाही. परंतु असा व्यवहार होण्यासाठी ते तंत्रज्ञान पेलू शकणारा गिऱ्हाईक आधीपासून अस्तित्वात असावा लागतो.

परवाने देणे म्हणजेच उद्योजकता असे समजण्याचा खरा गोंधळ इथेच होतो, कारण उद्योजक संशोधन संस्थेचे काम असे गिऱ्हाईक नसते तेव्हा सुरू होते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या तैवानच्या 'इट्री' या औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी करार करून चिप बनवण्याचे तंत्रज्ञान मिळवले, अभियंत्यांना प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवले आणि स्वतःच्या आवारात प्रायोगिक कारखाना चालवला. त्या काळी तैवानात चिपांच्या जुळणीचे काम होत असे. चिपा मुळापासून बनवू शकेल असा उद्योग मात्र नव्हता. तेव्हा हे ज्ञान विकायचे तरी कोणाला? म्हणून १९८० मध्ये यूएमसी आणि १९८७ मध्ये टीएसएमसी या कंपन्याच संस्थेतून बाहेर काढण्यात आल्या. टीएसएमसीचे संस्थापक मॉरिस चांग त्या वेळी इट्रीचे प्रमुख होते; भांडवलाचा सुमारे निम्मा वाटा सरकारने उचलला, फिलिप्सने २७.५ टक्के भाग घेतला आणि पहिले उत्पादन इट्रीकडून भाड्याने घेतलेल्या कारखान्यात झाले. परवाना दिल्यावर कागद बाहेर जातो आणि शास्त्रज्ञ आपल्या जागी राहतो. इथे अनुभवी अभियंतेच नव्या कंपनीत गेले आणि संस्थेला नवी माणसे घडवावी लागली. त्यामुळे उद्योजकता मोजायची असेल, तर रॉयल्टीच्या आकड्याआधी संस्था सोडून कोण गेले आणि त्यांनी पुढे काय उभे केले, हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे अशा जाण्याची नोंद बहुधा 'रिक्त पद' एवढीच होते.

इनक्युबेटर, म्हणजे नवउद्योगांना सुरुवातीला आधार देणारे केंद्र, चालवणे हीच संस्थेची उद्योजकता मानण्याचा घोळ त्या मानाने किरकोळ आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ मध्ये पुण्यात सुरू झालेले व्हेंचर सेंटर नवउद्योगांना जागा, उपकरणे आणि सल्ला पुरवते. हे काम मोलाचे असले, तरी तिथली प्रत्येक कंपनी त्या प्रयोगशाळेच्या संशोधनातून जन्मली असे समजू नये, कारण तिथे बाहेरून आलेले उद्योजकही काम करतात.