रशियन तेलावरील किंमत-मर्यादा

युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाच्या तेलउत्पन्नाला कात्री लागावी, मात्र रशियन तेल जागतिक बाजारातून नाहीसे होऊ नये, अशा दुहेरी हेतूने जी-७ गट, युरोपीय संघ आणि ऑस्ट्रेलिया यांनी आखलेली निर्बंधव्यवस्था. समुद्रमार्गे जाणाऱ्या कच्च्या तेलासाठी ती ५ डिसेंबर २०२२ रोजी पिंपामागे ६० डॉलर या दराने लागू झाली. ५ फेब्रुवारी २०२३ पासून डिझेल-पेट्रोलसारख्या महाग पदार्थांना १०० डॉलर, तर फर्नेस ऑइलसारख्या स्वस्त पदार्थांना ४५ डॉलर अशी मर्यादा ठरवण्यात आली. नळवाहिनीतून जाणारे तेल तिच्या कक्षेबाहेर राहिले.

नावामुळे हा दर रशियावर लादला गेला असा समज होतो. प्रत्यक्षात बंधन होते ते पाश्चात्त्य विमा कंपन्या, जहाजमालक, दलाल आणि बँका यांच्यावर : तेल मर्यादेपेक्षा महाग विकले गेले असेल, तर त्या मालाला त्यांनी सेवा द्यायची नाही. जगातील सागरी मालवाहू जहाजांपैकी सुमारे ९० टक्के टनभाराचा दायित्वविमा ‘पी अँड आय क्लब’ नावाच्या, जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या मोजक्या विमासंस्थांच्या हाती असून त्यांतील बहुतेक ब्रिटन व युरोपातील असल्याने हा लगाम परिणामकारक ठरेल, असा हिशेब होता.

या कल्पनेचा उगम तेलाचे भाव भडकण्याच्या धास्तीत आहे. मार्च २०२२ मध्ये ब्रेंट या, जागतिक बाजारात भावाचा आधार मानल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे १२० डॉलरच्या वर गेला होता. जूनमध्ये युरोपीय संघाने सहाव्या निर्बंधसंचात समुद्रमार्गे येणाऱ्या रशियन कच्च्या तेलावर आयातबंदी तर घातलीच, शिवाय तिसऱ्या देशांकडे जाणाऱ्या अशा तेलाला विमा देण्यासही मनाई केली. ही मनाई जशीच्या तशी अमलात आली असती, तर पुरवठा आटून भाव पुन्हा भडकले असते. म्हणून अमेरिकेच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी मर्यादेचा आग्रह धरला. त्या अर्थाने किंमत-मर्यादा ही नवी सक्ती नसून अधिक कडक बंदीतून दिलेली सशर्त सवलत होती, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय तिच्या यशापयशाची चर्चा भरकटते. आकड्यावरून युरोपात बरीच ओढाताण झाली : पोलंड व बाल्टिक देशांना तो ३० डॉलरच्या आसपास हवा होता, तर ज्यांची जहाजवाहतूक मोठी आहे अशा ग्रीस, माल्टा व सायप्रस यांना तो चढा हवा होता.

अंमलबजावणीचा सारा डोलारा कागदावर उभा होता. विमा कंपनीला तेलाचा भाव स्वतः तपासण्याची गरज नव्हती. व्यवहार मर्यादेत झाल्याचे प्रतिज्ञापत्र जवळ असले की पुरे. विक्रीचा भाव मर्यादेत दाखवून वाहतूकखर्च फुगवण्याची वाट त्यामुळे मोकळी राहिली. खुद्द रशियन सरकारचाही नोंदवलेल्या भावांवर भरवसा राहिला नसावा, कारण २०२३ मध्ये त्याने तेलकराची आकारणी ब्रेंटच्या भावातून ठरावीक सूट वजा करून करण्यास सुरुवात केली. मर्यादा पाळणाऱ्यांना तेल विकण्यास पुतिन यांनी डिसेंबर २०२२ मध्येच हुकूम काढून मनाई केली होती. २०२३ च्या आरंभी रशियाचे तेलउत्पन्न घसरले खरे, परंतु त्यात मर्यादेचा वाटा किती आणि युरोपच्या आयातबंदीचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. जुलै २०२३ मध्ये तर उरल्स या रशियाच्या प्रमुख निर्यात तेलाने ६० डॉलरची रेघ ओलांडली.

दरम्यान पाश्चात्त्य विमा व जहाजसेवा टाळून रशियन तेल नेण्यासाठी जुनी, वारंवार ध्वज व नाव बदलणारी, संशयास्पद विम्याची टँकर जहाजे विकत घेऊन ‘छुपा ताफा’ उभा राहिला होता. मुंबईत नोंदलेल्या आणि तोवर फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या एका कंपनीकडे २०२३ पर्यंत पन्नासहून अधिक टँकर आले, ही त्यातली बोलकी घटना. भारताच्या तेलआयातीत युद्धापूर्वी नगण्य असलेला रशियाचा हिस्सा एक-तृतीयांशापलीकडे गेला. ही खरेदी मर्यादेच्या रचनेशी विसंगत नव्हती. रशियन तेल वाहते राहावे हाच त्या रचनेचा अर्धा हेतू होता. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच खरेदीवरून भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त शुल्क लावले.

जहाजांवर थेट निर्बंध घालण्याकडे अमेरिका ऑक्टोबर २०२३ मध्ये वळली. जानेवारी २०२५ मध्ये एकाच वेळी १८३ जहाजे काळ्या यादीत गेली. युरोपीय संघाने जुलै २०२५ च्या अठराव्या निर्बंधसंचात कच्च्या तेलाची मर्यादा ४७.६ डॉलरवर आणली आणि ती बाजारभावापेक्षा १५ टक्के खाली राहील, अशी आपोआप बदलाची तरतूद केली. ब्रिटनने या कपातीला साथ दिली, अमेरिकेने दिली नाही. त्यामुळे मूळ ६० डॉलरची मर्यादा आणि नवी मर्यादा असे दोन दर एकाच आघाडीत नांदू लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने रोसनेफ्ट व लुकऑइल या कंपन्यांवरच निर्बंध घातले. त्यांच्या तेलाच्या बाबतीत प्रश्न भावाचा उरला नाही, विक्रेत्याचा झाला.